लाईट सारखी जाते? मग सोलर घेण्याआधी पंधरा दिवस वही लिहा

सोलर बसवायचंय म्हणलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो "किती किलोवॅट घेऊ?" आणि तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. जिथे लाईट चोवीस तास असते तिथे हा प्रश्न ठीक आहे, पण जिथे ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही तिथे आधी हे माहीत पाहिजे की लाईट जाते कधी, जाते किती वेळ आणि आली की टिकते किती. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी मोजत नाही.

म्हणून पहिलं काम फुकटचं. एक वही घ्या, पंधरा दिवस लाईट गेली की वेळ लिहा आणि आली की वेळ लिहा. झोपेत गेली तर कळणार नाही हे खरं, त्यासाठी मी सोपी युक्ती केली होती, रात्री बॅकअप नसलेल्या बोर्डावर एक जुना मोबाइल चार्जिंगला लावून ठेवायचो, सकाळी बॅटरीचा ग्राफ बघितला की कुठे चार्जिंग तुटलं ते दिसायचं. पंधरा दिवसांनी तुमच्यापुढे दोनपैकी एक चित्र असेल. एकतर दिवसातून पाच-सहा वेळा अर्धा-पाऊण तास जाते आणि बाकी वेळ असते, नाहीतर आठ-दहा तास गायब आणि मग दोन-तीन तासांपुरतं दर्शन. या दोन्हीसाठी लागणारी सिस्टिम वेगळी आहे, अगदी बॅटरीची जातसुद्धा वेगळी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट मीटरला जोडलेला, लाईट गेली की स्वतःही बंद पडतो. बाहेर कडक ऊन, छपरावर पॅनल चकचकीत, आणि घरात अंधार. हा बिघाड नाही, तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, कारण लाइनमन तारेवर काम करत असताना तुमच्या छपरावरून तारेत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. तेव्हा बिल कमी करायला ऑन-ग्रिड चालेल, पण अंधार घालवायचा असेल तर हायब्रिड (सोलर, बॅटरी आणि मेन लाईट तिन्ही सांभाळणारा) किंवा ऑफ-ग्रिड (सोलर-बॅटरीवर स्वतंत्र चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी याला पर्याय नाही.

आता लोडचा हिशोब. यात घरातलं सगळं धरायचं नाही, लाईट गेल्यावर जे चालायलाच पाहिजे तेवढंच धरायचं. एक उदाहरण मांडतो. ९ वॅटचे चार एलईडी बल्ब पाच तास म्हणजे १८० वॅट-तास, ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास म्हणजे ६००, राउटर १० वॅट पण चोवीस तास म्हणजे २४०, फ्रिज साधारण ११००, लॅपटॉप २००, टीव्ही २४०. एकूण झाले २५६० वॅट-तास, म्हणजे अडीच युनिटच्या जरा वर. जुने पंखे असतील तर ते प्रत्येकी ७५ वॅटच्या आसपास खातात, म्हणजे दोन पंख्यांचेच ६०० ऐवजी १५०० झाले. त्यामुळे बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला, हा सल्ला कंटाळवाणा आहे पण पैशाला इतका जागणारा दुसरा नाही.

या यादीत एक जण कायम राहून जातो, तो म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. काहीही चालू नसलं तरी तो स्वतःसाठी ३०-४०, मोठा असेल तर ५०-६० वॅट खातो. ४० धरले तर दिवसाला जवळपास एक युनिट नुसतं त्याच्या पोटात जातं. गरज दीड किलोवॅटची आणि "पुढे लागेल" म्हणून आठ किलोवॅटचा इन्व्हर्टर घेतला की हा खर्च रोज रात्री बसतो. वरच्या घराचा खरा हिशोब म्हणून असा, लोड अडीच युनिट, बॅटरी-पॅनलमधली डीसी वीज (एकाच दिशेने वाहणारी) घरात चालणारी एसी वीज (दिशा बदलत राहणारी) करताना जाणारे दहा टक्के, इन्व्हर्टरचं स्वतःचं एक युनिट, मिळून रोजचे ३.८ ते ४.

यातलं रात्रीचं किती ते वेगळं काढा, कारण बॅटरी रात्रीसाठी, दिवसा पॅनल थेट लोड उचलतात. संध्याकाळी ऊन उतरल्यापासून सकाळी वर येईपर्यंत धरा चौदा तास, वरच्या यादीतलं त्या वेळेतलं १६०० च्या आसपास येतं, त्यात तूट आणि इन्व्हर्टरचा खुराक मिळवला की २.४ युनिट. ही झाली बॅटरीतून रोज रात्री निघणारी वीज.

आता बॅटरी कोणती. इथे जरा थांबतो कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं.

लेड-ॲसिड म्हणजे ट्युब्युलर बॅटरी तुम्हाला माहितीये, १८५९ मध्ये गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने बनवली तेच तत्त्व अजून चालू आहे, दणकट आहे, दुरुस्ती करणारा कुठेही मिळतो. १२ व्होल्ट २०० अँपियर-अवरची (एएच) एक बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिट. पण तिच्यातून रोज निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नाही, काढलं तर ती लवकर बसते. म्हणजे २.४ युनिट काढायला अशा दोन लागल्या. इथपर्यंत सगळे सांगतात, पुढचं सांगत नाहीत. लेड-ॲसिड भरायला वेळ घेते. २०० एएचच्या बॅटरीला साधारण दहा टक्के म्हणजे २० अँपने चार्ज करायचं असतं. अर्धी रिकामी झालेली बॅटरी, म्हणजे १०० एएच भरायला, २० अँपने पाच तास, आणि शेवटचा टप्पा ती अगदी सावकाश पिते, त्याला आणखी दोन-चार तास. सरळ आठ तास झाले. तुमच्या वहीत लाईट येऊन टिकायचा वेळ तीन तास असेल आणि दिवस ढगाळ असेल तर ती बॅटरी त्या दिवशी पूर्ण भरलीच नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अर्धवट भरलेली लेड-ॲसिड पडून राहिली की तिच्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते हळूहळू कायमचे होतात. लोक म्हणतात बॅटरी वर्षात गेली, माल खराब निघाला. बरेचदा माल चांगलाच असतो, ती उपाशी मेलेली असते. आणि यावर दुकानात मिळणारा सल्ला काय, तर अजून एक बॅटरी लावा! म्हणजे खाणारी तोंडं वाढली, वाढणारा हात तोच.

लिथियममधली एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यातून ८०-९० टक्के काढता येतं, हजारो सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक) चालते वगैरे जाहिरातीत असतंच, पण लाईटचा भरवसा नसलेल्या जागी तिचा खरा फायदा मला वाटतं दुसरा आहे, ती घाईत भरते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी रुसत नाही. १०० एएचची बॅटरी ५० अँपने दोन तासात रिकामीची भरते. तीन तास लाईट आली तेवढ्यात काम तमाम. शिवाय भरताना-काढताना लेड-ॲसिडमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते, एलएफपीत पाच-सात टक्के. ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट, आपल्या उदाहरणातल्या घराला सगळं सुरळीत चालू ठेवून एक रात्र आरामात आणि जरा हात आखडला तर दुसरी रात्रही निघते. तिचं एक पथ्य आहे, शून्य अंशाच्या खाली गारठलेली असताना चार्ज करायची नाही, आत लिथियमचा थर बसून सेल खराब होतात.

म्हणजे वही बघा. लाईट जाते पण लगेच येते आणि बराच वेळ टिकते असं असेल तर ट्युब्युलर घ्यायला काहीच हरकत नाही, भरलेली राहणं तिला आवडतंच. थोडा वेळच येत असेल तर एलएफपी. जुनी बॅटरी आहे म्हणून तिला नवी जोडू नका, एकच महिना-वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या जोडा, नाहीतर नवी जुनीला ओढता ओढता स्वतःच म्हातारी होते.

पॅनलचा हिशोब त्यामानाने सोपा. पॅनलवर लिहिलेले ५४० वॅट हे प्रयोगशाळेतले, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश असताना. छपरावर भर दुपारी सेल ६० अंशाला सहज जातो आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के पॉवर घटते, म्हणजे ऊन जितकं रणरणतं तितकं पॅनल दमलेलं. त्यात धूळ, वायरीतली तूट. दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरले आणि ७५ टक्के हाती आले तर एक किलोवॅट पॅनलमागे रोज ३.४ युनिट मिळतात. आपली गरज चार युनिटची, म्हणजे सव्वा किलोवॅट. पण तेवढंच लावलं तर एक ढगाळ दिवस गेला की पडलेला खड्डा भरायला काहीच शिल्लक नाही, दाट ढगात पॅनल दहा-वीस टक्क्यावर येतात. त्यामुळे दीडपट-दुप्पट पॅनल लावा. बॅटरी थोडी कमी चालेल, पॅनल कमी नको.

मग तीन पॅनल घेऊ म्हणाल तर तिथे व्होल्टेजचा घोळ आहे आणि यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. ५४० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे मागच्या लेबलवर व्हीओसी लिहिलेलं असतं ते, ४९.५ च्या आसपास. माझ्या चार्ज कंट्रोलरची, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत सांभाळून भरणाऱ्या डब्याची, मर्यादा १५० व्होल्ट. मी तीन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली, तीन गुणिले ४९.५ म्हणजे १४८.५, म्हणलं बसतंय की, दीड व्होल्ट उरलाय. महिना-दीड महिना झकास चाललं. मग एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी, तापमान ८ अंश, ऊन नुकतंच पॅनलवर आलेलं, कंट्रोलरमधून टक्क असा एक बारीक आवाज आला आणि डिस्प्ले गेला. पॅनल गार असलं की व्होल्टेज वाढतं, अंशाला साधारण ०.२७ टक्के. २५ वरून ८ म्हणजे १७ अंश, साडेचार टक्क्यांच्या वर वाढ, एकेक पॅनल ५१.८ आणि तीन मिळून १५५. वॉरंटीत नेला तर त्यांनी मेमरीतला सर्वात जास्त व्होल्टेजचा आकडा दाखवला आणि हात वर केले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. तेव्हा तुमच्याकडे वर्षातली सगळ्यात थंड सकाळ किती अंशाची असते ते धरून व्हीओसी काढा आणि मग मर्यादेशी ताडून बघा.

उलट बाजूनेही मार आहे. बऱ्याच हायब्रिड इन्व्हर्टरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा आतला चार्ज कंट्रोलर, १२० ते ४५० व्होल्टमध्ये काम करतो. तीच तीन पॅनल तिथे सिरीजमध्ये लावली तर चालू असतानाचं व्होल्टेज ४१ गुणिले तीन, १२३. बरोबर वाटतं. पण दुपारी तापल्यावर ते १०८ पर्यंत उतरतं, आणि ऐन उन्हात चार्जिंग तुटतं किंवा अडखळतं. चार पॅनल लावली की थंडीत २१० च्या आत आणि उन्हात १४० च्या वर, दोन्हीकडून मोकळं. म्हणून आपल्या उदाहरणाला चार पॅनल. पीडब्ल्यूएम हा साधा चार्ज कंट्रोलर स्वस्तात मिळतो म्हणून एवढ्या मोठ्या पॅनलला लावू नका, तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि वरचं सगळं वाया.

तोंड उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, कल साधारण तुमच्या अक्षांशाएवढा, दोन-पाच अंश इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. बिघडतं सावलीने. सिरीजमधल्या एका पॅनलवर टाकीच्या पाइपची बोटभर सावली पडली तरी त्या पॅनलचा एक तृतीयांश भाग बाहेर पडू शकतो, कारण आत तीन बायपास डायोड असतात आणि एकेक डायोड एकेक भाग सांभाळतो. जागा ठरवायच्या आधी सकाळी नऊ, बारा आणि चार वाजता छपरावर जाऊन फोटो काढा, एवढंच.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच घ्या. चौकोनी वेव्हवर पंखा गुणगुणतो, मोटर तापते, फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. वॅट बघताना चालू लोडसोबत सुरुवातीचा झटका बघा, एक हॉर्सपॉवरचा पंप ७४६ वॅटचा पण सुरू होताना क्षणभर तीन ते सहापट ओढतो. पंप शक्यतो बॅटरीवर घेऊच नका, दिवसा उन्हात चालवा.

बॅटरीच्या बाजूचं व्होल्टेज ४८ चं ठेवा, अगदी लहान सिस्टिम सोडून. २००० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे १६७ अँप, मनगटाएवढी केबल लागायची बाकी राहते. तेच ४८ वर ४२ अँप.

आता वायरिंग, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. घरातली वायरिंग समजते म्हणून डीसी समजते असं नाही. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून बसते आणि जाळते. त्यामुळे एसीचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) डीसीला लावायचा नाही, डीसीचाच लावायचा, आणि त्यावर प्लस-मायनसची खूण असेल तर ती पाळायची. बॅटरीच्या प्लसला अगदी टर्मिनलजवळ फ्यूज पाहिजे, लिथियम असेल तर क्लास टी, कारण शॉर्ट झाला तर तिच्यातून हजारो अँप निघू शकतात आणि साधा फ्यूज तो करंट तोडू शकत नाही. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी४ कनेक्टर चालू उन्हात लोडवर ओढून काढू नका, आणि एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत बसतोय म्हणून बसवू नका, आतला संपर्क नीट होत नाही आणि वर्ष-दीड वर्षाने तिथेच वितळतो. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत ठेवायची नाही.

लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून (क्रिम्प करून) बसवलेलं धातूचं टोक, घट्ट आहे की नाही ते कसं कळतं? अर्धा तास भरपूर लोड चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक जोडावर धरा. एक जोड बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंश गरम दिसला तर तो ढिला आहे किंवा क्रिम्प नीट नाही. थर्मामीटर नसेल तर लगच्या गळ्याशी असलेली स्लीव्ह बघा, लाल स्लीव्ह तपकिरी झाली असेल तर उत्तर मिळालं.

घरातलं वायरिंग करताना बॅकअपच्या लोडसाठी वेगळा डीबी (ब्रेकर बसवलेला वाटणी बोर्ड) करा, आणि त्यांचा न्यूट्रलही वेगळा ओढा. लोक फेज वेगळा करतात आणि न्यूट्रल जुनाच ठेवतात, मग लीकेजचा ब्रेकर उगाच पडत राहतो नाहीतर इन्व्हर्टरच जातो. हे काम आणि अर्थिंग लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, त्याला हा परिच्छेद वाचून दाखवला तरी चालेल.

बसवून झालं की सेटिंग. इन्व्हर्टरमध्ये प्रायॉरिटी विचारतो. एसबीयू म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी मेन लाईट. बिल वाचवायला हे छान, पण संध्याकाळी मेन चालू असताना बॅटरी वापरून टाकली आणि रात्री अकराला लाईट गेली की बसा हातपंखा घेऊन. लाईटचा भरवसा नसेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यावर आली की मेनवर जा असं सेट करा, खालचा साठा अडचणीसाठी राखीव. आणि मेनवरून चार्जिंग चालू ठेवा, सोलर आहे म्हणून ते बंद करणारे बरेच भेटलेत. इनपुटची रेंजही बघा, यूपीएस मोडमध्ये साधारण १७० ते २८० व्होल्ट घेतो आणि बदल झटपट होतो, अप्लायन्स मोडमध्ये ९० ते २८०. लाईट येते पण मिणमिणती, १४०-१५० व्होल्टची, असं असेल तर यूपीएस मोडवाला इन्व्हर्टर तिला लाईट समजतच नाही आणि बॅटरी संपवत राहतो. अप्लायन्स मोडवर चार्जिंग सुरू होतं, फक्त तेव्हा तेच कमी व्होल्टेज तुमच्या फ्रिजलाही जातं हे लक्षात ठेवा, त्याला स्टॅबिलायझर लावा.

५१.२ व्होल्टच्या एलएफपीसाठी चार्जिंग ५६ ते ५६.८ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) ५४, लो कट (जिथे बॅटरी वापरणं थांबवायचं) ४८-४९ च्या आसपास, पण बॅटरीच्या कागदावर जे असेल तेच शेवटचं. व्होल्टेज बघून तिच्यात किती उरलंय ते सांगता येत नाही, मधल्या मोठ्या पट्ट्यात ते जेमतेम एखादा व्होल्ट हलतं, त्यामुळे बीएमएसची, म्हणजे बॅटरीच्या आत तिला सांभाळणाऱ्या सर्किटची, डेटा केबल इन्व्हर्टरला जोडा. केबलची पिन प्रत्येक कंपनीची वेगळी, साधी नेटवर्क केबल लावून चालेलच असं नाही. बॅटरी पूर्ण संपून बीएमएसने दार लावलं तर काही इन्व्हर्टर तिला जागं करू शकत नाहीत, म्हणून लो कट बीएमएसच्या आधी इन्व्हर्टरने करावा असा आकडा ठेवा.

नंतरची देखभाल फार नाही. पॅनल पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर साध्या पाण्याने पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. ट्युब्युलर असेल तर पाण्याची पातळी महिन्याला बघा, डिस्टिल्डच घाला, आणि ती गार जागी ठेवा, २५ च्या वर दर दहा अंशाला तिचं आयुष्य निम्म्यावर येतं असं धरून चाला.

आठवडाभर नीट चाललं की एका संध्याकाळी सात वाजता मुद्दाम मेन स्विच पाडा. घरात कोणाला सांगू नका, सांगितलं की सगळे जपून वापरतात आणि आकडा खोटा येतो. सकाळी सातला बॅटरी बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी ३१ टक्के उरले होते, हिशोबाने ५० च्या आसपास यायला पाहिजे होते. शोधता शोधता सापडलं की दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवरची कपड्यांची इस्त्री बॅकअपच्या डीबीवर आली होती, एक हजार वॅटची, आणि कोणीतरी रात्री पाऊण तास निवांत इस्त्री केली होती. ते सर्किट दुसऱ्या दिवशी मेनवर परत टाकलं, पुढच्या वेळी ४८ आले.